विम्बर्गरचं दुकान कसं वाचलं

ओटमार विम्बर्गर बापाच्या दुकानात बसायला आला तो एका हिवाळ्यापुरता. निदान त्याची तशी समजूत होती.

तेव्हा तो तेविशीत होता आणि भट्ट्या बांधायचं काम शिकत होता. आमच्या पासाऊ शहराकडे जुन्या घरांत खोलीच्या कोपऱ्यात असतात त्या भट्ट्या. माणसापेक्षा उंच, बाहेरून हिरव्या चकचकीत फरश्या लावलेल्या. सकाळी दोन लाकडं टाकली की रात्रीपर्यंत घर ऊबदार. सेबाल्ड नावाचा एक म्हातारा कारागीर त्याचा उस्ताद होता. कोपरापर्यंत माती माखून घरी यावं, आईने दारातच ओरडावं, आणि त्या ओरडण्याने पोरगं आणखी खूश व्हावं, असे ते दिवस. सेबाल्ड फारसा बोलत नसे. पण एकदा ओटमारने बांधलेल्या धुराच्या वाटेत हात घालून तो म्हणाला होता, "चालेल. ही तू झोपेत बांधलेली नाहीस." एवढ्या कौतुकावर ओटमार आठवडाभर हवेत होता.

मग एके दिवशी कास्पार विम्बर्गर, म्हणजे त्याचा बाप, दुकानातच कोसळला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेल्यासारखीच झाली. आईने पोराला बोलावून घेतलं. "वसंतापर्यंत बस रे बाबा. तोवर काहीतरी ठरवू." सेबाल्डने त्याची जागा ईस्टरपर्यंत रिकामी ठेवली. ईस्टर झाल्यावर दुसरा पोरगा घेतला. त्याला तरी काय दोष द्यायचा?

दुकान डॅन्यूबच्या काठाला लागून असलेल्या अरुंद गल्लीत. माल एकच: जुनी छापील चित्रं. तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरायची, शाई भरायची आणि कागदावर दाबून उठवायची, तसली. झाडून सगळी पासाऊची. पासाऊ उत्तरेकडून, पासाऊ पुराच्या पाण्यात, पासाऊ आगीनंतर, तीन नद्यांचा संगम हिवाळ्यात, तोच संगम उन्हाळ्यात. आणि मागच्या भिंतीवर, मेजाच्या बरोब्बर वर, घरात ज्याला सगळे "मोठं" म्हणायचे ते चित्र. दोन कागद जोडून केलेलं, पलंगाएवढं रुंद. समोरच्या टेकडीवरून दिसणारं सबंध शहर, मधोमध कॅथेड्रल, पाण्यावर लाकडांचे तराफे, तराफ्यांवर मुंगीएवढी माणसं. कोरणाऱ्याने मनोरे जरा जास्तच उंच केले होते, पण त्याला कुणी हरकत घेत नसे. कास्पारने ते लढाईनंतरच्या भुकेल्या दिवसांत एका पाद्र्याकडून घेतलं होतं, आणि ते विकायला नव्हतं.

कास्पार त्यानंतर एकोणीस वर्षं जगला, आणि ती सगळी दुकानातल्या खुर्चीत. सकाळी पोराने खाली आणून बसवायचं, संध्याकाळी वर न्यायचं. शब्द थोडेच उरले होते, त्यांतला एक लख्ख होता: "वाकडं!" चौकट केसभर कलली की म्हाताऱ्याचा डावा हात वर जायचा. "वाकडं!" ओटमार उठायचा, चौकट सरळ करायचा, पुन्हा बसायचा. गिऱ्हाईकांना या गोष्टीचं फार कौतुक. "बापाची नजर बघा. आणि पोरगा किती गुणाचा!"

या गुणी पोराने शाळामास्तरणीच्या मुलीशी, इर्मीशी, लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. बाप गेला तेव्हा ओटमारने मनाशी पक्कं केलं होतं की आता आवरायचं. पण दफनविधीनंतरच्या जेवणाला अख्खी गल्ली जमली. समोरचा खाटीक व्हिटस हाकल बिअरचा पेला उंचावून म्हणाला, "कास्पारकाका, निश्चिंत राहा. दुकान चांगल्या हातात आहे." सगळे उभे राहिले. ओटमारलाही उभं राहावं लागलं. आई त्याचा हात घट्ट धरून रडत होती. सोमवारी त्याने दुकान उघडलं.

त्याला त्या चित्रांचा राग होता असं नाही. रागाला निदान धग असते. त्याला फक्त श्वास अपुरा पडायचा. बाहेर पासाऊ, आत पासाऊ, भिंतीवर पासाऊ, खणात पासाऊ. बाहेर नदी वाहायची. आतली नदी तीनशे वर्षं एका जागी होती.

सेबाल्डची मुलं आता तेलावर चालणारी तापयंत्रं बसवत होती. ओटमार कधीमधी कुणाच्या घरी गेला की गप्पा सोडून भट्टीच्या फरश्यांवरून हात फिरवत बसे. इर्मी पाहायची, बोलायची नाही.

आणि मग दोन हजार तेरा सालचा जून आला.

पासाऊच्या माणसाला पूर नवा नाही. तळघरात पाणी येणं म्हणजे आमच्याकडे पाहुणा येण्यासारखं; आधी कळतं, आवरून ठेवता येतं. नगरभवनाच्या भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणाच आहेत. पण त्या रविवारी अग्निशमन दलाची गाडी भोंग्यावर जे सांगत फिरत होती ते खुणांच्या वरचं होतं. तिन्ही नद्या एकदम चढल्या होत्या.

इर्मी सकाळीच आईची शिवणयंत्राची पेटी आणि कपडे घेऊन टेकडीवर बहिणीकडे, ट्राउड्लकडे, गेली होती. जाताना म्हणाली, "तू चित्रं वरच्या मजल्यावर नाही, पार माळ्यावर चढव. आधी मोठं. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

ओटमारने शिडी लावली. मोठ्या चित्राच्या चौकटीला दोन्ही हात घातले, खिळ्यावरून जरासं उचललं. आणि तसाच उभा राहिला. किती वेळ, त्याचं त्यालाच कळलं नाही. बाहेर गल्लीत लोकांची पळापळ चालली होती. त्याच्या मनात विचार आला, अगदी साधा: हे मी उचललं नाही तर?

त्याने चौकट परत खिळ्यावर ठेवली. सरळ आहे का तेही पाहिलं. शिडीवरून उतरला.

तेवढ्यात समोरून व्हिटस ओरडला, "ओटी! अरे हात लाव इकडे! हे खिमा करायचं धूड एकट्याला हलत नाही!"

ओटमार धावला. खिम्याचं यंत्र वर चढवलं, काप करायचं यंत्र चढवलं, मग सॉसेजच्या माळा खांद्यावर टाकून जिने चढला. मग पलीकडच्या घरातली म्हातारी काथी, जिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, तिला पाठुंगळी घेतलं. "पोरा, मला पाडशील!" म्हणून ती त्याचे कान धरून बसली होती. मग न्हाव्याच्या खुर्च्या. मग कुणाची तरी मांजर. आयुष्यात कधी नव्हे एवढा तो त्या दिवशी धावला. संध्याकाळी पाणी कठड्यावरून गल्लीत उतरलं तेव्हा तो घोट्याएवढ्या पाण्यात स्वतःच्या दुकानापुढे उभा होता. त्याने दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि टेकडी चढून गेला. ट्राउड्लच्या घरी गरम रस्सा पिऊन तो असा झोपला की दुसऱ्या दिवशी इर्मीला त्याला हलवून उठवावं लागलं.

पाणी दुकानाच्या छतापर्यंत चढलं आणि तीन दिवस मुक्कामाला राहिलं.

ते ओसरल्यावर ओटमार खाली गेला. दार बिजागरीतून निघालं होतं. आत गुडघाभर चिखल, त्यावर तेलाचा तवंग. लोकांच्या तळघरांतल्या टाक्या फुटल्या होत्या. खण उघडे पडले होते आणि कागदांचे गठ्ठे फुगून पावाच्या ओल्या लाद्यांसारखे झाले होते. वास असा की डोळ्यांतून पाणी. आणि ओटमारला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. आत हवा शिरली होती. त्याने फावडं घेतलं, पहिला गठ्ठा उचलला, बाहेर उभ्या केलेल्या कचऱ्याच्या पेटाऱ्यात फेकला. दुसरा फेकला. तिसरा फेकताना तो गुणगुणत होता.

"विम्बर्गरसाहेब! थांबा! हात लावू नका!"

या होत्या बाई नोटबुर्गा श्टाडलहूबर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुकानात येऊन बसायच्या, आणि कित्येक वर्षांत एकच चित्र विकत घेतलं होतं. आज पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल, आणि मागे विद्यापीठातली पोरं फावडी घेऊन. विद्यापीठ बंद, म्हणून पोरं गल्लोगल्ली चिखल काढत होती.

"मी म्युनिकला फोन केला होता," बाई धापा टाकत म्हणाल्या. "संग्रहालयातल्या माणसाला. तो म्हणाला, ओला कागद टाकायचा नाही, वाळवायचाही नाही, गोठवायचा! गोठला की बुरशी लागत नाही. मग सावकाश एकेक काढून वाळवायचा. सगळं वाचतं म्हणे!"

"बाई, हे सगळं गेलंय," ओटमार म्हणाला. "कशाला तुम्ही…"

"गेलंय कसं? तुम्ही खचू नका हो! तुम्ही सगळ्यांचं उचलत बसलात, आता तुमचं आम्ही उचलणार!"

"बरोबर बोलतायत बाई," मागून व्हिटसचा आवाज आला. त्याचं स्वतःचं दुकान धुऊन निघालं होतं, दाढी वाढलेली, डोळे लाल. "रविवारी हा गडी माझं खिम्याचं यंत्र उचलत होता. काथीला पाठीवर घेतलं यानं. आणि स्वतःचा एक कागद हलवला नाही. एक कागद! असा माणूस दाखवा मला. ओटी, वर गावात माझी गोठवणखोली आहे. डुकरं काढतो बाहेर. सगळी तुझी."

ओटमारने तोंड उघडलं. समोर व्हिटस, शेजारी चिखलाने लडबडलेली अनोळखी पोरं, आणि बाईंच्या गालावरून खरोखरची आसवं. त्याने फावडं भिंतीला टेकवलं.

मग दुकानापासून चौकापर्यंत रांग लागली. गठ्ठे हातोहात जाऊ लागले. कचऱ्याच्या पेटाऱ्यात पडलेले तिन्ही गठ्ठे पोरांनी आधी बाहेर काढले. न्हावी होता, काथीचा भाचा होता, कुठली कुठली माणसं होती. ओटमारही रांगेत उभा राहिला. रांगेत खंड पडून चालत नाही. डावीकडून आलेलं घ्यायचं, उजवीकडे द्यायचं. दुपारी कुणीतरी मोहरी लावलेले मांसाचे पाव वाटले. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जात होते.

मोठं चित्र तेवढं सापडत नव्हतं. ओटमारने मनात म्हटलं, निदान ते तरी. एवढ्यात आतून एका पोरीने किंकाळी फोडली. चौकट तरंगत वर गेली होती आणि छताच्या दोन तुळयांमध्ये पालथी अडकून बसली होती. काच शाबूत होती. खाली उतरवलं तर कडेने तपकिरी डाग, बाकी शहर जसंच्या तसं. गल्लीत टाळ्या वाजल्या. कुणीतरी शिट्टी घातली. ओटमार चिखलात फतकल मारून बसला आणि हुंदके देऊन रडला.

"रडू दे," व्हिटस पोरांना हळूच म्हणाला. "बापाची आठवण आहे ती."

पुढचं वर्ष गेलं ते लोकांच्या चांगुलपणात. गोठवलेले गठ्ठे थोडेथोडे बाहेर यायचे. शाळेच्या व्यायामशाळेत दोऱ्या बांधून, टीपकागदांत दाबून, बाईंच्या देखरेखीखाली ते वाळायचे. मग लोक पाच-दहा कागद घरी नेऊन मंद इस्त्री फिरवायचे. कुणी दुकानाला गिलावा केला, कुणी वीज जोडून दिली. सुताराने नवे खण केले, जुन्यापेक्षा चांगले. ओटमार सगळ्यांना "देव भलं करो" म्हणत हिंडायचा. त्याचं वजन उतरलं. लोक म्हणायचे, धक्का बसलाय बिचाऱ्याला, दुकान उघडलं की येईल ताळ्यावर.

पुढल्या शरदात दुकान उघडलं. गल्लीत बाकं मांडली होती, बँड होता, बिअर होती. दाराशेजारी भिंतीत एक पितळी पाटी बसवली होती, तिच्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या सगळ्यांची नावं. व्हिटसने भाषण केलं. रविवारची गोष्ट सांगितली. आता त्या गोष्टीत पाणी ओटमारच्या छातीपर्यंत आलं होतं, आणि मांजरं दोन झाली होती. "एक कागद हलवला नाही यानं!" लोकांनी पाय आपटून दाद दिली. मग सगळे ओटमारकडे बघू लागले. "बोल ओटी! बोल!"

ओटमार उभा राहिला. सकाळपासून त्याच्या मनात एकच वाक्य घोळत होतं. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून त्याने ते उच्चारलं.

"मी तसा काही थोर माणूस नाही. खरं सांगायचं तर, मला हे दुकान नको होतं. मी ती चित्रं मुद्दाम खाली ठेवली."

मग व्हिटस खो खो हसला. "ऐका! ऐका याचं! मुद्दाम म्हणे!" आणि सगळी गल्ली हसली, टाळ्या कडाडल्या. "विनय बघा माणसाचा," बाई श्टाडलहूबर रुमालाने डोळे टिपत शेजारणीला म्हणाल्या. "बापावर गेलाय." बँड सुरू झाला. कुणीतरी ओटमारच्या हातात भरलेला पेला दिला.

एकटी इर्मी हसली नव्हती.

पाहुणे पांगल्यावर दोघं रिकाम्या बाकावर बसली. इर्मी म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"शिडी. पुरानंतर मी पहिल्यांदा आत आले तेव्हा शिडी मेजावर आडवी पडली होती, बापूजींच्या भिंतीपाशी. तू ती काढलीस, लावलीस, म्हणजे चढलासही असणार. आणि चित्र दुकानातच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तू वीस वर्षांपूर्वी बोलशील म्हणूनही थांबले होते." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अरे वेड्या, एकदा सांगायचंस तरी. मला काय या कागदांचं लोणचं घालायचं होतं? मीही बसलेच ना तुझ्याबरोबर?"

ओटमार खाली मान घालून म्हणाला, "मला वाटायचं, तुला आवडतं."

"मला वाटायचं, तू बापूजींना शब्द दिलायस."

मग इर्मीच म्हणाली, "विकून टाकू. माल विक, पाटी राहू दे भिंतीवर. लोक चार दिवस बोलतील."

हिवाळ्यात त्यांनी कुणाला न सांगता रेगेन्सबुर्गच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. ड्योर्फ्लर त्याचं नाव; नीटनेटका, सभ्य माणूस. त्याने खण उघडले, एकेक कागद उजेडासमोर धरला, नाकाशी नेला. मोठ्या चित्रापुढे तो बराच वेळ थांबला.

"विम्बर्गरसाहेब, वाईट वाटून घेऊ नका," शेवटी तो म्हणाला. "लोकांनी जीव ओतलाय, दिसतंय ते. पण कागद वाचलाय, माल नाही वाचला. प्रत्येकाला पाण्याची रेघ आहे. तेलाचा वास कधीच जाणार नाही. पासाऊच्या बाहेर हे कुणी घेणार नाही. पासाऊतले घेतील, पण ते तर…" त्याने दाराशेजारच्या पाटीकडे पाहिलं. "ते तर स्वतःचेच कागद बघायला येत असतील."

"फुकट दिलं तर?" ओटमारने विचारलं.

ड्योर्फ्लर हसला नाही. "ठेवायला जागा लागते," तो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

कचऱ्यात टाकता येत नाही. प्रत्येक कागदावर कुणाची ना कुणाची इस्त्री फिरली आहे. विकता येत नाही. नुसतं कुलूप घालावं, तर व्हिटस समोरच्या दारात उभा असतो, सकाळी दहा मिनिटं उशीर झाला तरी हाक येते, "ओटी, बरा आहेस ना?" इर्मीने सोमवारी दुकान बंद ठेवायचं ठरवलं, तर पहिल्याच सोमवारी बाई श्टाडलहूबर गरम सूप घेऊन घरी आल्या. त्यांना वाटलं, आजारी पडलाय.

तेव्हा ओटमार बसतो. सत्तरीला आला आहे. ड्योर्फ्लर म्हणाला ते खरंच होतं. लोक आपापला कागद बघायला येतात. "हा माझा," म्हणून पाहुण्यांना दाखवतात, "बघ, ही घडी माझ्या हातून पडली." विकत कुणी घेत नाही, आपला कागद घरी नेला तर दुकानातला तेवढा कमी होईल ना. आणि जाताना मेजासमोरच्या खुर्चीत टेकतात.

परवा व्हिटसची बायको ग्रात्सहून आलेल्या सुनेच्या आईवडिलांना घेऊन आली होती. मोठ्या चित्रापुढे त्यांना उभं केलं, आमच्या गोठवणखोलीत लिव्हरसॉसेजशेजारी हे कसं निजलं होतं ते सांगितलं. पाहुणे भारावून गेले. मग ती ओटमारकडे वळली.

"ओटी, त्या रविवारचं सांग ना यांना. तुझ्याच तोंडून ऐकू देत."

आत इर्मी कपबशा विसळत होती. तिचे हात थांबले. ओटमारने पाहुण्यांकडे पाहिलं. चांगली माणसं होती, लांबून आली होती. ग्रात्सची बाई तर आधीच हातरुमाल काढून बसली होती.

"पाऊस चार दिवस थांबला नव्हता," ओटमार सांगू लागला. "मी शिडी लावून चढणार, तेवढ्यात समोरून व्हिटस ओरडला…"